बाकावरच्या बाईची परवानगी

चूक सहीताईचीच होती, आणि तीही अशी की सांगताना तोंड लपवावं. फिल्ममध्ये दिसणाऱ्या लोकांच्या परवानगीच्या सह्या आणायचं काम तिचं, म्हणून ती सहीताई. 'आज या रस्त्यावर चित्रीकरण आहे, इथून जाणाऱ्यांची त्याला संमती आहे असं धरलं जाईल,' ही भली मोठी सूचना तिने सकाळी सकाळी चिकटवली ती एका दुकानाच्या बंद शटरवर. नऊ वाजता दुकानदाराने शटर सरकवलं, आणि सूचनाही त्याच्याबरोबर गुंडाळून वर गेली. दिवसभर कॅमेरा चालला, सूचना मात्र कुणाच्या दृष्टीला पडली नाही.

महिन्याभराने फिल्मच्या वकीलसाहेबांनी सहज विचारलं, "सूचना लावली कुठे होती?" आणि बिंग फुटलं. आता ज्यांचे चेहरे ठळक दिसत होते त्या प्रत्येकाची लेखी परवानगी हवी होती. सहीताईने फोटो घेऊन रस्ता पालथा घातला. किल्लीवाला सापडला, दोन नर्स सापडल्या, भर रस्त्यात भांडणारं जोडपं सापडलं आणि पहिली सही कुणी करायची यावरून पुन्हा भांडलं. चाळीस सह्या झाल्या. राहिली एकीची.

नेमकं तिच्यावरच तर घोडं अडलं होतं, कारण फिल्मचा शेवट तिच्यावर होता. भर दुपारी एक बाई बाकावर एकटीच बसून हातवारे करत हवेला काहीतरी सांगते, थांबते, पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. कॅमेरा रस्त्यापलीकडे, त्यामुळे आवाज नाही. संकलनाच्या खोलीत सगळे पोट धरून हसले होते. सहीताईही हसली होती. दिग्दर्शकाला सगळे दादा म्हणत. दादा म्हणाला, "ही सही आण, नाहीतर पुढच्या फिल्मला तू नाहीस." आणि धाकट्या भावाचं शिक्षण तर सहीताईच्या याच कामावर चाललं होतं.

बाई सापडली ती एका शिंपीकामाच्या दुकानात, मागच्या खोलीत, मशीनवर. गल्ल्यावरची मुलगी म्हणाली, "तिच्याशी बोलायचंय? मग बसा निवांत."

बाई अडखळत बोलायची. एकेका शब्दापाशी तिची मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे. सहीताईला दुसऱ्याचं वाक्य आपणच पुरं करायची भारी खोड. अर्ध्याअधिक सह्या तिने अशाच मिळवल्या होत्या. इथेही तिने दोनदा शब्द पुरवले, आणि दोन्ही वेळा भलतेच पुरवले. बाई दमून पुन्हा मशीनकडे वळली. शेवटी सहीताईने फोनवर तो तुकडाच लावून दिला.

बाई टक लावून बघत राहिली. मग पडद्यावरच्या ओठांबरोबर तिचेही ओठ हलू लागले आणि आवाज आला, एकदाही न अडखळता. "मालकीणबाई, बारा वर्षं मी मशीनवर आहे. आता मला मापं घेऊ द्या. गिऱ्हाइकांशी मी बोलेन."

तुकडा संपला. सहीताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण हसलो ते ह्याला!

"अ-अजून बोलले नाही त्यांना," बाई म्हणाली. "रोज त-त-तयारी करते." मग तिने विचारलं, "लो-लोक हसतील?"

छे हो, कोण हसतंय, म्हणायला काय लागत होतं? कागद समोर होता, पेन हातात होतं.

"हसतील," सहीताई म्हणाली. "आम्ही हसलो. मीसुद्धा हसले, ताई. चुकलं माझं."

बाईने कागद उचलला, सावकाश वाचला, खाली ठेवला. उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि पहिल्याच अक्षराला अडली. शेजारच्या मशिनी थांबल्या, बाया वळून बघू लागल्या. सहीताईची जीभ शिवशिवत होती. जीभ दाताखाली धरून ती बसून राहिली.

संध्याकाळी दादाचा पारा चढला. "नाही म्हणाली म्हणजे काय?"

"म्हणजे शॉट काढावा लागेल. तिला मी तो पाठवून दिलाय, सरावाला."

"अख्खी दुपार घालवलीस, आणि आणलंस काय, तर एक नकार! उद्यापासून येऊ नकोस. एवढा वेळ करत काय होतीस तिथे?"

"तिला नाही म्हणायला वेळ लागतो, दादा," सहीताई म्हणाली. "मी थांबले होते."