बरं झाल्याची मेजवानी

नजातनं कबुतराच्या पोटात मसालेभात दाबून भरला, दोऱ्यानं पाय बांधले आणि खरकटे हात लांब धरून भावाच्या कपाळाचा मुका घेतला.

"गेला एकदाचा तो सी," ती म्हणाली. "अब्बांना नाही मिळालं हे औषध. तुला मिळालं."

रिफअत हसला खरा, पण त्याचा हात खिशातल्या डबीवर होता.

लिबियात बरीच वर्षं गवंडीकाम करून तो गेल्या हिवाळ्यात नाईलकाठच्या या गावी परतला, तो वाळून काडी झालेला. तपासणीत दोन आजार निघाले. यकृताचा, म्हणजे हिपॅटायटिस सी, तो त्यानं सांगून टाकला. त्याची इथं कुणाला लाज नव्हती. लहानपणी सरकारी माणसं एकाच सुईनं सगळ्यांना टोचायची, त्यातून तो घरोघरी शिरला होता, अब्बा त्यातच गेले. दुसरा होता एचआयव्ही. तो त्यानं गिळून टाकला; त्याच्या गोळ्या तो शहरातल्या तापाच्या दवाखान्यातून गुपचूप आणायचा. दोन्हींच्या गोळ्या तो रात्री जेवल्यावर घ्यायचा आणि सगळ्यांच्या लेखी ती सगळी लिव्हरचीच औषधं होती.

आता लिव्हरचा आजार बरा झाला होता. नजातनं रिपोर्ट अख्ख्या गल्लीला दाखवला होता. दुसरी गोळी मात्र जन्मभराची होती आणि आता तिला लपायला जागा उरली नव्हती.

जेवणं होत आली तशी त्यानं तोंड वळवून गोळी तळहातावर घेतली. शेजारच्या सय्यदच्या आईनं नेमकं पाहिलं.

"काय रे, बरा झालास ना? मग आता कसली गोळी?"

रिफअतनं मूठ मिटली. सगळे त्याच्याकडे बघू लागले.

"नंतरही जपावं लागतं यकृताला," नजात वाढता वाढता म्हणाली. "सगळ्यांचं कुठं तुझ्यासारखं असतं? तू दगड खाल्लास तरी पचेल. घे, भात घे."

बायका हसल्या. सय्यदची आईही हसली आणि तिनं ताट पुढं केलं.

पाहुणे गेल्यावर नजात भांडी गोळा करू लागली. रिफअत तिथंच बसून राहिला.

"ताई, ती गोळी..."

"घेतलीस ना?"

"घेतली."

"मग झालं तर." तिनं वाट्या एकात एक रचल्या. "पुढच्या खेपेला शहरात जाशील तेव्हा मीही येते. एकटा बसत जाऊ नकोस तिथं. आणि त्या तापाच्या दवाखान्यात मागच्या दारानं जाऊ. पुढं आपल्या गावची माणसं फार असतात."

त्या मागच्या दाराबद्दल रिफअत आजवर कुणाशी बोलला नव्हता.

नजातनं त्याचं ताट ओढून घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला, त्याच्या ताटात उरलेला रस्सा पुसून घेतला आणि खाल्ला.

"मीठ कमी पडलं होतं का रे?" तिनं विचारलं.