बायको शेजारी राहायला गेली

लिफ्टवाल्यासारखा शेजारी शोधून सापडणार नाही, हे सगळी इमारत मानत होती. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत होता. दिवसभर ग्रीसने माखून लोखंडी दोर तपासायचा आणि घरी आल्यावर कोणी हाक मारली की पान्हा घेऊन हजर. खालच्या आजींचा नळ असो, वरच्या मास्तरांचं कुलूप असो, तो नाही म्हणायचा नाही. समोरच्या खलाशाने तर बोटीवर जाताना घराची किल्ली विश्वासाने त्याच्याच हातात दिली होती.

हा सगळा गोडवा उंबऱ्याबाहेरचा. घरात आला की तोंडाला कुलूप. बायको काही बोलली तर ‘बघू’, दुसऱ्यांदा बोलली तर ‘ऐकलं ना एकदा’, आणि तिसऱ्यांदा बोलायची सोय नव्हती. ती बेकरीत केकवर नावं लिहायची. बिघडलेला एखादा केक घरी आणला तर तो म्हणायचा, “पुन्हा केक?” तीही काही कमी नव्हती. त्याला उशीर झाला की दार उघडायच्या आधी भांडी आपटायला लागायची.

एका रविवारी चर्चमध्ये पाळकांनी शेजाऱ्यावर प्रेम करण्याबद्दल उपदेश केला. लोक माना वळवून लिफ्टवाल्याकडे कौतुकाने बघत होते. बायको त्याच्या बाजूलाच बसली होती. तिने उपदेश अक्षरन् अक्षर ऐकला आणि दुपारी आपली गादी गुंडाळली.

“कुठे निघालीस?” त्याने विचारलं.

“समोर.”

“समोर कोण आहे? खलाशी बोटीवर आहे.”

“म्हणूनच तर घर रिकामं आहे. तुमचा जीव शेजाऱ्यांवर ना? मग मी शेजारीण होते.”

त्याला वाटलं, गंमत करतेय. तेवढ्यात खुंटीवरची खलाशाची किल्ली समोरच्या कुलपात फिरली.

त्या दिवशी तो फुगून बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. बाहेर बायको उभी, केस नीट विंचरलेले, चेहऱ्यावर संकोच.

“भाऊ, जरा त्रास देते,” ती म्हणाली. “मोरी तुंबलीय. वेळ असला तर बघाल का?”

खेकसायला त्याने तोंड उघडलं खरं, पण बाहेर पडलं भलतंच. इतक्या वर्षांची सवय ती. “त्रास कसला त्यात? आलोच.”

अर्ध्या तासात मोरी मोकळी झाली. हात पुसत तो म्हणाला, “झालं काम, वहिनी.”

इमारतीतल्या सगळ्याच बायकांना तो वहिनी म्हणायचा, तसं ते निसटलं. पण शब्द कोणीच मागे घेतला नाही.

मग येणं-जाणं सुरू झालं. संध्याकाळी ती वाटीभर सूप घेऊन यायची, दारातूनच द्यायची. तो वाटी धुऊन परत करायचा आणि ‘दिवा-बिवा गेला असेल तर सांगा’ म्हणायचा. एकदा तिने बिघडलेला केक आणला. “अहो, कशाला एवढं?” असं म्हणून त्याने तिला बसवलं आणि विचारलं, “इतकी सुबक अक्षरं काढता तरी कशी?” तिने कागदाचा कोन करून दाखवला. नाव पुरं होईपर्यंत श्वास रोखून धरावा लागतो, म्हणाली. लांबलचक नावाची माणसं आली की तिला घेरी यायची. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, पण आपली बायको रोज श्वास रोखून कमावते, हे त्याला ठाऊक नव्हतं.

इमारतीत कुजबुज सुरू झाली.

“लिफ्टवाल्याचं त्या समोरच्या बाईकडे जाणं फारच वाढलंय,” खालच्या आजी म्हणाल्या.

“अहो, ती बायकोच आहे त्याची,” मास्तर म्हणाले.

“असेना. शोभतं का ते?”

गोष्ट त्याच्या आईपर्यंत गेली. ती पाळकांना घेऊनच आली. “तू तिला वहिनी म्हणतोस म्हणे,” आई म्हणाली. “कोणाची वहिनी? तुला भाऊच नाही. आणि ती तुला भाऊ म्हणते. हे नातं बसवायचं कुठे मी?”

पाळक समोरच्या घरात गेले. “बाई, माझ्या उपदेशाचा अर्थ असा नव्हता.”

“मग सांगा ना, कुठला शब्द मी चुकीचा घेतला?”

पाळकांनी उपदेश मनातल्या मनात पहिल्यापासून आठवून पाहिला. चुकीचा शब्द सापडेना. जाताना ते जिन्यात घुटमळले आणि हळूच म्हणाले, “चर्चच्या मागची खोली रिकामी आहे का, असं आमच्या सौभाग्यवती कालपासून विचारताहेत. तुम्ही त्यांच्याशी काही बोललात का?”

त्या संध्याकाळी लिफ्टवाला चहाला आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. “वहिनी, तुम्हाला म्हणून सांगतो,” तो म्हणाला, “माझी बायको घर सोडून गेलीय.”

तिने हातातली किटली खाली ठेवली. “कशामुळे?”

“मी तिच्याशी धड बोलायचो नाही. मागे एकदा दोर घसरला होता. मी लिफ्टच्या टपावर होतो. खाली सगळा काळोख. थोडक्यात वाचलो. तेव्हापासून रोज लिफ्टच्या त्या अंधाऱ्या बोगद्यात उतरताना जीव मुठीत धरतो. घरी येतो तेव्हा अंगात बोलायचं त्राणच उरत नाही.”

“तिला कधी सांगितलंत?”

“ती घाबरली असती. शिवाय बायकोपुढे असलं कसं बोलायचं?”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पण शेजारणीने किती रडावं यालाही मर्यादा असते, म्हणून तिने पदर डोळ्यांना लावला आणि म्हणाली, “माझ्या नवऱ्याचंही तसंच असेल. त्याला उशीर झाला की मी भांडी आपटायची. तो कुठे लटकत होता, हे एकदाही विचारलं नाही.”

“चांगला माणूस दिसतोय,” तो म्हणाला.

“आहे,” ती म्हणाली. “जरा मठ्ठ आहे.”

आणखी काही दिवस असेच गेले असते, पण खलाशी परत आला. पेटी घेऊन दारात उभा राहिला तर आत शेजाऱ्याची बायको स्वेटर विणत बसलेली. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. जगभर फिरलेल्या माणसाला सहसा नवल वाटत नाही. “मी नंतर येतो हवं तर,” तो म्हणाला. पण जाणार कुठे बिचारा?

गादीचं एक टोक लिफ्टवाल्याने धरलं, दुसरं तिने. घराच्या दारात ती थांबली.

“मी आत आले की पुन्हा बायको होईन.”

“मग?”

“मग तुम्ही पुन्हा ‘बघू’ म्हणाल.”

जिन्यात येऊन उभी राहिलेली त्याची आई मागून ओरडली, “अरे, पलंगावर तुझ्या शेजारी कोण निजतं? खलाशी? तिच्याइतकी शेजारची दुसरी कोण आहे तुला?”

त्याने गादीचं टोक खाली ठेवलं. मग तो बाजूला सरला. “या ना, आत या,” तो म्हणाला.

ती आत गेली.

तरी सवय एका दिवसात मोडत नाही. एकदा जेवताना तो तिच्यावर खेकसलाच. ती उठून बाहेर गेली, दार ओढून घेतलं आणि टकटक केली. त्याने दार उघडलं तेव्हा चेहरा आपोआप हसरा झालेला होता.

“बोला, वहिनी.”

“मीठ आहे का थोडं?”

“आहे की. बसा, जेवूनच जा आता.”

ती बसली आणि अर्धं राहिलेलं जेवण दोघांनी संपवलं. पुढच्या आठवड्यात ती भांडी आपटायला लागली, तेव्हा तो जिन्यात जाऊन उभा राहिला. समोरच्या दारातून खलाशाने डोकावून विचारलं, “किल्ली देऊ का?”

“नको,” लिफ्टवाला म्हणाला, आणि त्याने स्वतःच्या घराचं दार वाजवलं.