सेव्हेरिनोची साखर

सेव्हेरिनो आर्सेची साखर उतरावी म्हणून डॉक्टरबाईंनी त्याची मधुमेहाची गोळी वाढवली. काही आठवड्यांनी रक्त तपासले, तर साखर पहिल्यापेक्षा जास्त निघाली. त्यांनी गोळी आणखी वाढवली. साखर आणखी चढली.

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे. वरील माहिती मी ऐकीव म्हणून सांगत नाही. ती माझ्या तारेतून गेली आहे.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. अंग काळे आणि जड, आकडे फिरवण्याची तबकडी, आत पितळी घंटा. जहाजातून मी क्युबात आलो आणि डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या एका साखर कारखान्याच्या कचेरीत मला बसवण्यात आले. तिथे मला मान होता. ऊस किती आला, कोणता रूळ उखडला, कोणते चाक तुटले, हे सारे आधी मला कळे. टेलिफोन सांभाळणारी नेरेइदा रोज सकाळी स्पिरिटच्या बोळ्याने मला पुसत असे. सेव्हेरिनो तेव्हा उसाच्या आगगाडीचा ड्रायव्हर होता. माझ्यात तो इतक्या जोराने बोले की नेरेइदा म्हणायची, “तुला टेलिफोन कशाला हवा? खिडकी उघड की!”

पुढे कारखाना बंद पडला. यंत्रे भंगारात गेली, रुळांवर गवत उगवले. मला मात्र तारेसकट नेरेइदाच्या घरी हलवण्यात आले. अट एवढीच होती की मी सगळ्या गल्लीचा असेन. तेव्हापासून मला विश्रांती कधी मिळाली नाही. बाळंतपणे, भांडणे, मियामीला गेलेल्या नातेवाइकांची रडणी, लॉटरीचे चोरटे आकडे, सगळे माझ्यातून गेले. इतके ऐकल्यावर उत्सुकता उरत नाही. थकवा उरतो.

कोपऱ्यावर दवाखाना होता. खाली दवाखाना आणि वर डॉक्टरांचे घर, अशीच आमच्याकडची रीत. वस्तीचे डॉक्टर वस्तीतच राहतात. आमच्या डॉक्टर इलेआना सकाळी दवाखान्यात बसत आणि दुपारी डोंगरावरची घरे पालथी घालत: कुणाचे टाके, कुणाचे बाळ, कुणाचा रक्तदाब. दवाखान्याची तार वादळात तुटली होती आणि ती जोडायला कोणी आले नव्हते. म्हणून शहरातल्या तज्ज्ञाशी बोलायचे झाले की त्या माझ्याकडे येत. अॅम्ब्युलन्सही माझ्यावरूनच बोलावली जाई. अॅम्ब्युलन्सचा वायरलेस आमच्या दरीत मुका होई, त्यामुळे तिची माणसेही काम आटोपले की माझ्यावरूनच आपल्या केंद्राला अहवाल देत.

थोडक्यात, डॉक्टरबाई आणि अॅम्ब्युलन्स, दोघांचेही बोलणे माझ्यातून जात होते. परंतु मी बोलणे वाहून नेतो, स्वतः बोलत नाही. ही माझ्या बनावटीची मर्यादा आहे. तिच्याबद्दल मी तक्रार करीत नाही, फक्त नोंद करतो.

पहिल्यांदा घडले ते एका दुपारी. सेव्हेरिनो झाडाखाली डॉमिनो खेळत बसला होता. डाव रंगला म्हणून जेवायला गेला नव्हता. एकाएकी तो असंबद्ध बोलू लागला, घामाने भिजला आणि सोंगट्यांवरच कोसळला. नेरेइदाने माझी तबकडी फिरवली. अॅम्ब्युलन्स आली. तिच्यातल्या रेइनेरिओने बोटातून थेंबभर रक्त घेऊन तपासले, शिरेतून साखरेचे पाणी दिले, आणि सेव्हेरिनो डोळे उघडून म्हणाला, “चाल माझी होती.”

त्यानंतर रेइनेरिओ माझ्याजवळ आला आणि त्याने केंद्राला कळवले, “साखर फार घसरली होती. दिली. आता शुद्धीवर आहे. घरीच ठेवतोय.”

नेरेइदाने त्याला कॉफी दिली. कॉफी पिता पिता त्याने विचारले, “मावशी, त्यांच्या डॉक्टरबाईंना कळलंय ना?”

“इथं कुणाला काय कळत नाही रे? माझा भात करपला तर डॉक्टरबाईला डोंगरावर वास जातो.”

तो हसला, कप ठेवला आणि गेला. डॉक्टर इलेआना त्या वेळी खरोखरच डोंगरावर होत्या आणि त्यांना कसलाही वास गेला नव्हता.

सेव्हेरिनोची बायको एउलालिया घाबरली होती. साखर घसरली होती एवढे तिने पक्के ऐकले होते, म्हणून झोपेपर्यंत ती त्याला उसाचा रस पाजत राहिली. सकाळी ती त्याला दवाखान्यात घेऊन गेली आणि म्हणाली, “यांना फार गळल्यासारखं झालंय, जरा साखर बघा.” अॅम्ब्युलन्सचा तिने उल्लेख केला नाही. भर रस्त्यात उभी राहिलेली, सगळ्या गल्लीने पाहिलेली गाडी डॉक्टरबाईंना वेगळी काय सांगायची? डॉक्टरबाईंनी साखर पाहिली. ती चांगलीच चढलेली होती.

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा गोळी वाढवली. थोड्या आठवड्यांनी सेव्हेरिनो पुन्हा कोसळला, पुन्हा दुपारीच. पुन्हा रेइनेरिओ, पुन्हा साखरेचे पाणी, पुन्हा “घसरली होती, दिली” असा अहवाल, पुन्हा कॉफी आणि पुन्हा रात्रीपर्यंत उसाचा रस. दुसऱ्या सकाळी डॉक्टरबाई नवरा-बायकोला घेऊनच नेरेइदाकडे आल्या आणि माझ्यावरून शहरातल्या तज्ज्ञाशी बोलल्या.

“गोळी वाढवली तरी साखर चढतेच आहे, सर. वजनही उतरलंय.”

पलीकडून तज्ज्ञ म्हणाला, “काही शरीरं औषधाला दाद देत नाहीत. आणखी वाढवा. नाहीच जमलं तर इंजेक्शन सुरू करू.”

रिसीव्हर ठेवून डॉक्टरबाई सेव्हेरिनोकडे वळल्या. “काका, आता खरं सांगा. मिठाई कुठं लपवता?”

“डॉक्टरबाई, मिठाई लपवायला आधी घरात मिठाई लागते.”

“मग साखर काय आभाळातून पडते?”

“कारखाना बंद पडला ना, उरलेली सगळी माझ्यातच साठली असेल.”

सगळे हसले. एउलालियासुद्धा हसली. नवी मोठी गोळी त्याच दिवशी सुरू झाली.

गल्लीत तोवर निरनिराळी स्पष्टीकरणे तयार झाली होती. नेरेइदाच्या मते सेव्हेरिनोला कुणाची तरी नजर लागली होती, आणि तिने त्याच्या मनगटाला लाल दोरा बांधलाही होता. डॉमिनोवाल्यांच्या मते झाडाखालची जागाच वाईट होती. डॉक्टरबाईंच्या मते मिठाई, तज्ज्ञाच्या मते दाद न देणारे शरीर. या साऱ्यांत एकच गोष्ट समान होती: आपल्याला काय माहीत नाही, हे कोणी विचारत नव्हते. नेरेइदाने तर दोघांचेही बोलणे माझ्याइतकेच ऐकले होते. एकाने साखर घसरली म्हटले, दुसरीने चढली म्हटले. पण तिच्या लेखी तो साखरेचा त्रास होता आणि डॉक्टर मंडळी तो पाहत होती. तिला दोष देणे सोपे आहे. मी तो देत नाही, कारण या दोघांना समोरासमोर आणण्याची गरज इतर कुणालाही वाटली नव्हती.

तिसऱ्या खेपेला सेव्हेरिनो घरातच पडलेला सापडला. शिरेतून साखर दिली तरी तो नीट शुद्धीवर येईना. कसाबसा आला, बायकोला ओळखेना, आणि पुन्हा मान टाकली. रेइनेरिओने त्याला गाडीत घालून इस्पितळात नेले. त्या वेळी माझ्यावरून अहवाल गेला नाही. तेवढा वेळ नव्हता.

दुसऱ्या दुपारी मी वाजलो. रेइनेरिओ बोलत होता.

“मावशी, सेव्हेरिनो जगला. उद्या घरी सोडतायत. मला त्यांच्या डॉक्टरबाईंशी बोलायचंय.”

“देव पावला! सांगते हो तिला, बरा आहे म्हणून.”

“तेवढंच नका सांगू. तिला बोलवा.”

“अरे, ती वर गेलीय, घरभेटींना. आणि तिला काय ठाऊक नाही? बायको रोज तिच्याच दारात असते.”

“मावशी, तिला काय ठाऊक आहे ते मी तुम्हाला विचारतच नाहीये. मी त्याला उचलायला तीनदा आलो आणि ती बाई मला एकदाही भेटली नाही. तिला बोलवा. मी थांबतो.”

“तुझं बिल तुझं केंद्र भरणार ना?”

“मावशी!”

“जाते, जाते. ओरडू नकोस, तू काय आगगाडी चालवतोस?”

तिने रिसीव्हर विणलेल्या रुमालावर आडवा ठेवला आणि दारातून हाक मारली. पुढच्या घराने ती हाक उचलली, त्याच्या पुढच्याने आणखी वर पोहोचवली. “डॉक्टरबाई! खाली या! नेरेइदाकडे टेलिफोन!” आमच्याकडे तारेपेक्षा घसा भरवशाचा असतो. मी उघड्या कानाने पडून राहिलो. पलीकडे कुणीतरी रेइनेरिओला गाडीवर बोलावत होते आणि तो “आलोच” म्हणत जागचा हलत नव्हता.

डॉक्टर इलेआना धापा टाकत आल्या. बुटांना चिखल लागला होता.

“बोला.”

“बाई, मी अॅम्ब्युलन्समधला रेइनेरिओ. सेव्हेरिनो आर्सेला तुम्ही साखरेची गोळी देता ना?”

“देते. सारखी वाढवावी लागते, साखर उतरतच नाही. तुम्हाला कशाला हवंय?”

“कारण मी तीनदा त्याला बेशुद्ध उचललंय. तिन्ही वेळा साखर जवळजवळ संपलेली होती.”

  

“तीनदा? कधी?” डॉक्टरबाईंनी विचारले.

त्याने सांगितले. प्रत्येक वेळ त्या बोटांवर मोजत गेल्या. मग म्हणाल्या, “पहिल्या दोन्ही वेळा दुसऱ्या सकाळी ती माणसं माझ्याकडे आली होती. आणि दोन्ही वेळा मी गोळी वाढवली.”

“मला वाटलं तुम्हाला माहीत असेल. तुम्ही तिथंच राहता.”

“मलाही असंच वाटायचं, की या गल्लीतलं मला सगळं माहीत असतं.” त्यांनी कपाळ पुसले. “ऐका, इस्पितळात कळवा, त्याला एकही गोळी देऊ नका. इथली मी आत्ताच उचलून आणते.”

त्या त्याच पावली एउलालियाकडे गेल्या. मोठ्या गोळ्यांची बाटली जेवणाच्या टेबलावर तयार ठेवलेली होती. ती त्या घेऊन आल्या. सेव्हेरिनो घरी आला तेव्हा त्याला अगदी लहान मात्रा मिळाली, तीही पोटभर जेवणासोबत. साखर उतरली आणि उतरलेली राहिली. नेरेइदाने याचे श्रेय लाल दोऱ्याला दिले आणि अजूनही देते. तेव्हापासून रेइनेरिओ आमच्या वस्तीतला कोणताही रुग्ण उचलला की सकाळच्या वेळी माझ्यावर फोन करतो आणि डॉक्टरबाई दवाखान्यातून उठून येतात. दोघे एकमेकांना कधी भेटलेले नाहीत.

मित्रांनो, माझी घंटा आता गंजली आहे. पाचचा आकडा फिरवला की तबकडी अडकते. लोकांच्या खिशात नवे फोन आले आहेत आणि माझ्यावर बहुतेक धूळ बसते. मला पुसा असा माझा आग्रह नाही. मात्र आजारी माणसाला दोन हात दोन बाजूंनी सांभाळत असतील, तर त्या दोन हातांना एकमेकांची ओळख करून द्या. हे काम टेलिफोन स्वतःहून करू शकत नाही.

गोळी वाढवूनही साखर का चढत होती, त्याचे कारण पुढीलप्रमाणे होते. सेव्हेरिनो सकाळी गोळी घेई आणि दुपारी वेळेवर जेवत नसे, त्यामुळे त्याची साखर घसरून तो बेशुद्ध पडे. मग अॅम्ब्युलन्स शिरेतून साखर देई, बायको रात्रीपर्यंत उसाचा रस पाजी, आणि सकाळी तपासणीत साखर चढलेली दिसे. ती पाहून गोळी वाढवली जाई, आणि वाढलेली गोळी पुढच्या वेळी साखर आणखी खाली नेई. अॅम्ब्युलन्स दुपारी येई, त्या वेळी डॉक्टर डोंगरावर असत. घसरलेली साखर एकानेच पाहिली आणि चढलेली दुसरीनेच. त्यांनी एकमेकांना ते सांगितले नाही, कारण डॉक्टर त्याच गल्लीत राहत असल्याने त्यांना ते माहीतच असणार, असे सर्वांनी धरून चालले होते.