न कापलेल्या अंकाचा दसरा

मी एक जुना अंक आहे. धक्क्यातून अजून सावरलेलो नाही, म्हणून तुटक बोलेन. मित्रांनो, सांभाळून घ्या.

पॅरिसमध्ये निघालेल्या एका फ्रेंच साहित्यपत्रिकेचा मी पहिला अंक. तेव्हा छापील कागद दुमडून शिवत आणि कडा न कापताच विकत. वाचकाने चाकूने एकेक घडी कापत पुढे वाचायचे. मला कोणी कापलेच नाही. म्हणून मी

(इथे माझी पाने जोडलेली आहेत.)

झाशीला आलो. सीपरी बाजारात, नारायणरावांकडे. रेल्वेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ फ्रेंच पत्रिकांचे पहिले अंक जमवतात. भाषा स्वतःच शिकले. न कापलेला मी एकटाच, त्यामुळे फार लाडका. मलमलीत गुंडाळलेला.

माझ्यात एक गोष्ट आहे. नारायणरावांनी ती बायकोला, स्नेहलताबाईंना, मराठीत सांगितली होती. एक बाई फलाटावर उभी आहे. गाडी येते, दार उघडते, आणि ती

(इथेही जोडलेली.)

"चढली का हो ती?" पूजेसाठी मला बाहेर काढले की स्नेहलताबाई दर दसऱ्याला विचारत.

"बंद आहे ते पान. कापलं की किंमत गेली."

"तुमची किंमत राहू दे, माझी बाई ताटकळली तिथे!"

यंदा नारायणरावांची नजर फारच मंदावली. दसऱ्याच्या सकाळी ते झेंडू आणायला गेले. हत्यारे आणि पुस्तके एकाच पाटावर पुजतात, म्हणून माझ्या शेजारी चाकू होता. बाईंनी तो उचलला.

चर्र.

मी किंचाळलो असतो. पण खरा धक्का पुढेच होता. आत काही नव्हते! त्या कागदाची आतली बाजू छापायचीच राहिली होती. माझ्याच पोटातले मला ठाऊक नव्हते, मित्रांनो.

नारायणराव दारात. झेंडू जमिनीवर.

"ये क्या कर दिया!"

मग त्यांनी पान डोळ्यांशी नेले. "अगं... कोरं? मी इतकी वर्षं कोरं जपलं?"

बाईही हादरल्या होत्या. पण पेन्सिल घेऊन त्यांनी माझ्या कोऱ्या पानावर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली, मुले पाटीवर काढतात तशी.

"आता सांगा. चढली का?"

नारायणराव सांडलेला झेंडू वेचू लागले.

"डब्यात जागा असेल तर."

"रेल्वेवाले ना तुम्ही? द्या की जागा!"

"लिही मग. मला दिसत नाही."

मित्रांनो, आम्हाला वाळवीपासून, ओलीपासून जपा. पण डोळे साथ देताहेत तोवर उघडाही. माझ्या पोटात, मराठीत, पेन्सिलीने, ती बाई

(इथे पान उघडे आहे.)

चढली.