दाराएवढ्या फोटोतले दोन दिवे

सकाळचे ऊन या खोलीत घाईने येत नाही. आधी ते खिडकीच्या चौकटीवर टेकते, मग टेबलावरच्या कोऱ्या कागदांवरून सरकत जमिनीवर उतरते, आणि कुणाचा तरी विसरलेला चहा निवेपर्यंत माझ्या कोपऱ्यात पोहोचते. त्या उजेडात माझ्या सांध्यांवरचे मीठ चमकते. मित्रांनो, मी एक जुना ट्रायपॉड आहे. कॅमेरा हलू नये म्हणून त्याला डोक्यावर घेऊन उभा राहणारा, तीन पायांचा.

माझा मालक समुद्राची छायाचित्रे काढतो आणि जाड सुती कागदावर मोठी करून छापतो. किनाऱ्यावरून परतताच तो मला गोड्या पाण्याने धूत असे. "आधी तीन पायांच्या सवतीची आंघोळ, मग आमचा चहा!" असे त्याची बायको म्हणे, आणि मी उगाच ताठ होई.

पुढे त्याच्या वडिलांच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. दवाखान्याच्या खेपांत माझी आंघोळ राहून गेली. पुढच्या पायाची लांबी घट्ट धरणाऱ्या पकडीत मीठ शिरले. मला ते कळत होते, पण सांगणार कसे?

वडील दीपगृहाचे रखवालदार होते. "तीस वर्षं वादळात दिवा सांभाळला," ते हसून म्हणाले, "पण वादळात तो दिसतो कसा, ते पाहिलंच नाही. मी आतच असायचो ना!"

तो दिवा त्याच आठवड्यात कायमचा बंद होणार होता. वादळ आले, भरदुपारी अंधारून दिवा लागला, तेव्हा वडिलांना ते दाखवण्यासाठी मालकाने मला खडकांवर रोवले. तीन सेकंद भिंग उघडे ठेवून एकच फोटो साधला. मग पाणी शिरून कॅमेराच बंद पडला. छोट्या पडद्यावर फोटो छान दिसला होता. दाराएवढा छापल्यावर मात्र मालक कागदावर वाकला. मनोरा दुहेरी आला होता.

वडिलांनी कागदाला जवळजवळ नाक टेकवले. "दोन दिवे दिसतायत रे. गेले म्हणायचे डोळे."

"डोळे ठणठणीत आहेत, बाबा. वाऱ्याने फोटो हलला."

"राहू दे. तू आणि डॉक्टर मिळून माझी समजूत काढताय."

त्यांनी चष्मा डबीत ठेवला. तो अजून बाहेर निघालेला नाही. औषधाचे थेंब घालायला आलेल्या सुनेलाही ते म्हणतात, "आता कशाला, पोरी?"

मित्रांनो, हाताखालच्या वस्तू वेळच्या वेळी धुवा, पुसा. आम्हाला आमचे दुखणे सांगता येत नाही. इतके दिवस मीही वाऱ्यालाच दोष देत या कोपऱ्यात उभा राहिलो. त्या दुपारी माझा पुढचा पाय सरकला होता.