माझ्या पोटातली दोनशे मापं

मित्रांनो, आजच्या जगाच्या किल्ल्या माझ्या हाती आहेत. मी सहा आकडे सांगितल्याशिवाय भल्याभल्यांना स्वतःच्याच खात्याचं दार उघडत नाही. मी एक जुना बटणांचा मोबाइल आहे. माझं मागचं झाकण काजाच्या दोऱ्याने बांधलेलं आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा मीही चकचकीत होतो. मग एका शिंपीमास्तरांच्या खिशात आलो. गिऱ्हाइकं संदेशाने मापं कळवू लागली. "छाती चाळीस, बाही जरा सैल." मास्तर कौतुकाने म्हणत, "याच्या पोटात अख्खं गाव मावतं!" मी फुशारून जाई. प्रत्यक्षात दोनशेच संदेश मावतात. पण इतकं कौतुक झाल्यावर ते सांगायची लाज वाटली.

पुढे लेकीने कॉम्प्युटर आणला, मास्तरांना ईमेलचं खातं उघडून दिलं आणि त्याला नंबर माझा जोडला. मी मात्र चिंध्यांखाली पडून राहिलो, कधी कात्रीखालीसुद्धा.

एके दिवशी इस्पितळातून फोन आला, की चाळीस गणवेशांची मापं त्या ईमेलवर पाठवली आहेत. पाचपर्यंत ईमेलनेच होकार गेला नाही, तर काम दुसऱ्या शिंप्याकडे जाणार होतं. आणि मास्तर पासवर्ड विसरले.

"बाबा, कोड आला का?"

"नाही गं."

"परत पाठवते."

मित्रांनो, कोड येत होता! तीनदा आला, दाराशी उभा राहिला आणि आत जागा नाही म्हणून परत गेला. मला मान असती तर मी ती खाली घातली असती. मास्तरांनी मला तळहातावर आपटलं, खिडकीबाहेर धरलं. मी कोपऱ्यातलं चिमुकलं पाकीट लुकलुकवत होतो, पण पडद्यावर खडूची पूड साचली होती.

शेवटी मास्तरांच्या पत्नीने मला पुसलं. "अहो, हा तुडुंब भरलाय! खोडा काहीतरी."

"माप खोडायचं नसतं. गिऱ्हाईक परत येतं."

"हे वकीलसाहेब? त्यांना जाऊन सात वर्षं झाली!"

"असू दे."

"बाबा, पावणेपाच वाजले," लेक म्हणाली. "आता एकदाच मागता येईल. नंतर उद्याच."

पत्नी बटण दाबत दाबत अगदी पहिल्या संदेशाशी पोचल्या. "आणि ही कंबर चौतीस कुणाची?"

मास्तर गळ्यातल्या टेपशी चाळा करू लागले. "माझी. हा नवा होता, तेव्हा तूच तुझ्या फोनवरून पाठवली होतीस."

"मग ही तरी परत येणार आहे का?"

लेक फिसकन हसली. मास्तर हसले नाहीत. त्यांनी पोटावरून एकदा हात फिरवला आणि स्वतःच बटण दाबलं.

कोड आला. पाचला चार मिनिटं असताना होकार गेला. सगळ्यांनी माझं कौतुक केलं, आणि मी पुन्हा मेल्याहून मेला झालो.

म्हणून सांगतो मित्रांनो, पोट भरलं असेल तर लाजू नका, वेळेवर सांगा. आणि ज्याच्यावर विसंबता, त्याला अधूनमधून पुसत जा.

एक छोटंसं काम होतं. ती दोनशेवी जागा आता त्या कोडने अडवली आहे. तो दहा मिनिटांतच शिळा झाला, पण मास्तर म्हणतात, "राहू दे, पुन्हा लागेल." तेव्हा कुणी इकडून जात असाल तर पँट शिवायची आहे असं सांगून आत या, आणि मास्तर माप घ्यायला वाकले की तेवढा खोडून टाका.