बाबा कोणाच्या नावावर

को वान-त्साय यांना त्या रविवारी आपल्या दोन्ही मुलांना एकच वाक्य सांगायचे होते: मी पुन्हा लग्न करतो आहे. वाक्य लहान होते. साच्यांच्या कारखान्यात आयुष्य काढलेल्या माणसाच्या रीतीप्रमाणे त्यांनी ते तोंडातल्या तोंडात घोळवून, कुठे अडते का हेही पाहून घेतले होते. अडचण वाक्याची नव्हती, महिन्याची होती. मे चालू होता, आणि मे महिन्यात चांग्हुआ शहरातल्या या घरात आयकराखेरीज दुसरा विषय निघत नसे.

लग्न ज्यांच्याशी व्हायचे त्या युए-ग्वेई बाई गल्लीच्या तोंडाशी कालवे घातलेल्या शेवयांचे दुकान चालवत. मागच्या हिवाळ्यात त्या घसरून पडल्या, तेव्हा वान-त्साय त्यांच्या चपला पिशवीत घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसून राहिले होते. डॉक्टर बाहेर आले, नातेवाईक कोण म्हणून त्यांनी विचारले, आणि ‘मी शेजारी’ हे उत्तर ऐकून ते बाईंची हकीकत न सांगताच परत आत गेले. बाईंना जवळचे असे कोणी नव्हते. आता जूनमध्ये खुब्याची शस्त्रक्रिया ठरली होती, आणि बाईंनी स्पष्ट सांगितले होते, “या वेळी दाराबाहेर मला शेजारी नको.” वान-त्साय यांनाही तो बाक पुन्हा शेजारी म्हणून अडवायचा नव्हता. विवाहनोंदणीच्या कागदावर दोन साक्षीदारांच्या सह्या लागत. त्या आपल्या मुलांनीच कराव्यात, एवढेच त्यांचे मागणे होते.

थोरला यू-चेंग ताइचुंगहून अननसाच्या वड्यांचा डबा घेऊन आला. धाकटी पेई-रू शिंचूहून रक्तदाब मोजण्याचे यंत्र घेऊन आली. दोघांनीही पावत्या पाकिटात नीट जपून ठेवल्या. वडिलांना आपण पोसतो असे विवरणपत्रात दाखवले की करात सूट मिळे, आणि वडील सत्तरीपुढचे असले की ती दीडपट होई. मात्र एक बाप दोन विवरणपत्रांत दाखवता येत नाही. म्हणून बहीणभावांनी पाळ्या लावल्या होत्या. एक वर्ष त्याचे, एक वर्ष तिचे. उरलेले अकरा महिने बाबा कोणाचे, हा प्रश्न निघत नसे.

“दादा, या वर्षी बाबा माझे,” भाताचा वाडगा हातात घेता घेताच पेई-रू म्हणाली.

“गेल्या वर्षी तुझे होते, या वर्षी माझे. सरळ आहे.”

“गेल्या वर्षी माझे होते आणि घेतलेस तू!”

“मी कुठे घेतले? कॉम्प्युटरने आदल्या वर्षीची नावं आपोआप आणली. मी फक्त बटण दाबलं.”

“चोर पण हेच सांगतो. दार उघडं होतं, मी फक्त आत गेलो.”

“मला थोडं बोलायचं आहे,” वान-त्साय म्हणाले.

“बाबा, तुम्ही यात पडू नका,” यू-चेंग म्हणाला. “विषय तुमचा आहे.”

वान-त्साय यांनी मुळ्याची फोड उचलली.

“ठीक आहे,” पेई-रू म्हणाली, “मीही दाखवते, तूही दाखव. मग करखातं दोघांना बोलावून विचारेल, खरं कोण पोसतं. सांग तेव्हा.”

“सांगेन की. खरं कोण पोसतं?”

दोघांनी एकाच वेळी वडिलांकडे पाहिले. वान-त्साय स्वतःच्या निवृत्तिवेतनावर जगत आणि दुपारचे जेवण युए-ग्वेईंच्या दुकानात घेत. हे तिघांनाही ठाऊक होते. दोघेही आपापल्या वाडग्यात पाहू लागले, आणि बोलायला अशी संधी पुन्हा मिळणार नाही हे ओळखून वान-त्साय यांनी आपले वाक्य सांगून टाकले.

“कधी?” यू-चेंगने विचारले.

“मंगळवारी.”

“कोणाशी?” पेई-रूने विचारले.

त्यांनी नाव सांगितले, खुब्याचे सांगितले, आणि साक्षीदारांच्या सह्यांसाठी नोंदणीचा कागद टेबलावर ठेवला. यू-चेंगने कागदाकडे न पाहता, छताकडे बघत मनात हिशेब केला.

“लग्न झालं की नवराबायकोनं एकत्र भरायचं असतं,” तो म्हणाला. “म्हणजे बाबा गेले.”

“अरे, समोर बसलेत ते!”

“करातून गेले म्हणतोय मी.”

“लगेच नाही जात. लग्नाच्या वर्षाचं वेगळं भरता येतं,” पेई-रू म्हणाली. कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात ती दोषच शोधत असे. “म्हणजे हा मे, गेल्या वर्षाचा, आणि पुढचा मे, या वर्षाचा. दोन.”

“बाबा, जानेवारीत केलंत तर? तीन होतील,” यू-चेंग म्हणाला.

“तिनाचे दोघांत भाग कसे करणार?” वान-त्साय म्हणाले. “आणि खुबा जानेवारीपर्यंत थांबायचा नाही.”

यू-चेंगने पेन उचलले, टोपण काढले, पुन्हा लावले. भिंतीवरच्या देवघरात दिवंगत आईच्या नावाची पाटी होती; तिकडे न बघता तो म्हणाला, “आणि आई?”

“सकाळीच उदबत्ती लावून तिला विचारलं. कौल लावला. हो म्हणाली.”

“किती वेळा लावलात कौल?”

“हो म्हणेपर्यंत.”

पेई-रूला हसू आवरेना. यू-चेंग हसला नाही. “तिची सवयच होती,” तो म्हणाला. “पहिल्यांदा कधीच हो म्हणायची नाही.”

पेई-रूने आपली सही केली. “हा मे माझा,” तिने बजावले, “पुढचा तुझा. आणि या खेपेला नावं तपासून मग बटण दाब.” कागद तिने भावाकडे सरकवला.

तो कागद त्याने वरपासून खालपर्यंत वाचला. वान-त्साय यांनी चहा ओतला, तो पेल्याबाहेर गेला. शेवटी यू-चेंगने वडिलांच्या नावाखाली, चुकून जरा तिरकी, सही केली.

“शस्त्रक्रिया किती तारखेला?” त्याने विचारले.

“अठरा जून. गुरुवार.”

“मी गाडी घेऊन येतो. त्यांना बसमधून कसं नेणार?”

“दादा, तिथल्या पार्किंगची पावती करात धरत नाहीत बरं,” पेई-रू म्हणाली.

“माहीत आहे,” यू-चेंग म्हणाला. “बाबा, सकाळी किती वाजता येऊ?”